जुन्या मोटारीची कैफियत

पश्चिम किनाऱ्यावरील मासेमारीबंदीची ६१ दिवसांची मुदत ३१ जुलैस संपते, आणि त्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात, नारळी पौर्णिमेचा नारळ समुद्राला वाहून झालेला असो वा नसो, मालवणपासून मुरूडपर्यंतच्या लहानमोठ्या खाड्यांच्या मुखाशी एकच देखावा दिसू लागतो: पावसाळाभर झापांखाली शाकारून ठेवलेल्या होड्या ओढून पाण्याशी आणलेल्या, जाळी चढवलेली, बर्फाची पेटी भरलेली, आणि होडीच्या मागच्या फळीवर कसलेली टू-स्ट्रोकची जुनी आउटबोर्ड मोटार मात्र, दोरी ओढून ओढून खांदा निखळायची वेळ आली तरी, हूं की चूं करीत नाही. "मशीन गेलं" हा निकाल अशा वेळी घटकाभरात लागतो, आणि त्यावर अपील नसते. भावकीतला एखादा वडीलधारा "जुना झाला ता आता, अजून किती दिस ओढतलस?" असे म्हणून त्या निकालावर शिक्कामोर्तब करतो, मग सोसायटीच्या कर्जाची, अनुदानाच्या अर्जाची आणि नाना दाखल्यांची धावपळ सुरू होते, मोसमाचे पहिले दिवस, जे खरे म्हणजे कमाईचे दिवस, ते कचेऱ्यांच्या पायऱ्या चढण्याउतरण्यात जातात, आणि जुनी मोटार पडवीच्या कोपऱ्यात भंगारवाल्याची वाट पाहत पडून राहते.

माझे म्हणणे एवढेच आहे की, या रीतीने दोषी ठरवल्या गेलेल्या मोटारींपैकी बऱ्याचशा निर्दोष असतात. त्यांची चौकशीच झालेली नसते. आणि नव्या यंत्राच्या खरेदीसाठी तिजोरी उघडणाऱ्या सरकारने जुन्या यंत्राच्या देखभालीसाठी आजवर जी अनास्था दाखवली, तिचा भुर्दंड, पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याच्या नव्या धोरणानंतर, आता लहान होडीवाल्याला पूर्वीपेक्षा अधिक पडू लागला आहे.

या यंत्राची घडण मुळात फार साधी आहे. नॉर्वेत जन्मलेल्या आणि अमेरिकेत वाढलेल्या ओले एव्हिन्रूड याने १९०९ साली मिलवॉकी येथे आपली उचलून नेण्याजोगी मोटार विक्रीस काढली. त्या नावाच्या मोटारींचे उत्पादन २०२० साली बंद झाले, परंतु वर इंजिन, मध्ये उभा दांडा, खाली पाण्यात गिअर आणि पंखा ही त्या काळची मांडणी आजही तीच आहे. टू-स्ट्रोक इंजिनात झडपा उघडमीट करणारी यंत्रणा नसते, तेलाची वेगळी टाकी खाली नसते. पिस्टन वर जाताना खालच्या पेटीत इंधन व हवा ओढून घेतो, खाली येताना तेच मिश्रण वर सिलिंडरमध्ये ढकलतो, आणि दांड्याच्या प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट होतो. या साधेपणाची किंमत एकच: वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. पन्नासास एक या प्रमाणाची मोटार असेल तर लिटरमागे २० मिलिलिटर, त्याहून जुनी चोविसास एक प्रमाणाची असेल तर लिटरमागे ४० मिलिलिटरच्या किंचित वर. हे तेलही आउटबोर्डसाठी बनवलेले, डब्यावर 'टीसी-डब्ल्यू ३' असे छापलेले असावे लागते. कारण स्कूटरचे तेल हवेने थंड होणाऱ्या तप्त इंजिनासाठी असते, आणि समुद्राच्या पाण्याने सतत थंड राहणाऱ्या मोटारीत त्यातील राखेची पुटे प्लगावर आणि पिस्टनावर साचत जातात.

येथेच ती गोष्ट येते जी अनुभवी तांडेलांच्याही ध्यानात नेहमी येत नाही. कार्बोरेटरच्या मुख्य जेटाचे छिद्र निम्मे बुजले, म्हणजे मोटार थोडी मंद चालते, जोर कमी लागतो, पण चालते. म्हणून तिचा मालक "चालतंय ना" म्हणून तिला तशीच हाकत राहतो. परंतु इंधन निम्मे झाले म्हणजे त्यातून येणारे तेलही निम्मे झाले, आणि हवेच्या मानाने इंधन विरळ झाल्यामुळे ज्वलनाची उष्णता मात्र वाढली. म्हणजे ज्या क्षणी पिस्टनला वंगणाची अधिक गरज, त्याच क्षणी ते तोडले जाते. अशी मोटार एखाद्या दिवशी उधाणाच्या तोंडावर पूर्ण वेगात असताना जाम होते. यावर उपाय म्हणून अंदाजाने दुप्पट तेल ओतणारेही पुष्कळ आहेत. त्याने प्लग काळा होऊन भिजतो, आणि तितक्याच घोटात पेट्रोलचा अंश कमी झाल्यामुळे मिश्रण आणखी विरळ होते, हा त्यातला विपर्यास.

आमच्या पिढीला हे सारे शिकवावे लागत नव्हते. ऐंशीच्या दशकात ज्याच्या दारी बजाजची स्कूटर वा लुना होती, त्याला प्लग काढून पॉलिशपेपरने घासणे, पेट्रोलपंपावर तेलाचे माप घालून घेणे आणि सकाळी स्कूटर एका कुशीवर कलंडवून मग किक मारणे हे पोटापाण्याच्या विद्येइतकेच अवगत असे. गावोगाव तिठ्यावर टू-स्ट्रोकचा जाणकार मिस्त्री असे, आणि त्याच्याच हाताखालची पोरे पुढे खाडीवरच्या मोटारींनाही हात घालीत. प्रदूषणाच्या नियमांनी ती दुचाकी रस्त्यावरून गेली, तिच्याबरोबर तो मिस्त्री गेला, आणि रस्त्यावर नाहीसे झालेले ते इंजिन पाण्यावर मात्र तसेच राहिले.

आता इथेनॉलविषयी. २०२३ पासून टप्प्याटप्प्याने आणि २०२५ पर्यंत देशभर, पंपावर मिळणाऱ्या सर्वसाधारण पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आले. परकीय चलन वाचावे आणि ऊस पिकवणाऱ्याच्या पदरी चार पैसे अधिक पडावेत, हा हेतू वाईट आहे असे कोणी म्हणणार नाही. घाटावरच्या साखर कारखान्यांना त्याचा लाभ झाला हेही उघड आहे. पण घाटावरच्या त्या लाभाची खाडीत काय गत होते, याचा विचार धोरण आखणाऱ्यांच्या दफ्तरात कोठे दिसत नाही. इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते. मोटारीची टाकी ही सुटी, हवेसाठी झाकणाला स्क्रू असलेली, आणि कोकणातला जून-जुलै म्हणजे पडवीतल्या आगपेटीची काडीसुद्धा पेटू नये असा दमट. पुरेशी ओल शिरली की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन पेट्रोलपासून फुटतात व तळाशी बसतात. मिसळलेले तेल वरच्या पेट्रोलमध्ये राहते, आणि मोटारीची नळी तर तळातूनच ओढते. म्हणजे पहिल्या दिवशी इंजिनाच्या तोंडी जे जाते त्यात ना धड पेट्रोल असते, ना तेल. शिवाय इथेनॉलमध्ये स्वतःचा प्राणवायू असल्यामुळे, जुन्या पेट्रोलसाठी पाडलेल्या जेटाच्या छिद्रातून तेवढेच इंधन गेले तरी मिश्रण विरळ पडते. आणि वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या रबरी नळ्या, फुगे व पडदे त्याने फुगतात, मऊ पडतात, त्यांचे काळे कण सुटून पुढे जातात.

जुन्या कौलारू पडवीत बसून एखादा वाकबगार मिस्त्री अशी मोटार उघडतो तेव्हा पाहण्यासारखे असते. तो दोरीला हात लावीत नाही. कार्बोरेटरच्या खालच्या वाटीचे स्क्रू सोडवून ती वाटी तो एका पांढऱ्या बशीत उपडी करतो. बशीत प्रथम पाण्याचे चार मणी वेगळे घरंगळतात, मग हिरवट-पिवळा, मधासारखा दाट चिकटा सावकाश उतरतो, आणि त्याला कुजलेल्या वार्निशासारखा वास येत असतो. जेट काढून तो उजेडाकडे धरतो. छिद्रातून आकाश दिसले पाहिजे, ते दिसत नाही. येथे अडाणी माणूस सुई घालतो, आणि पितळेचे ते छिद्र कायमचे मोठे करून ठेवतो. जाणता मिस्त्री कार्बोरेटर साफ करण्याच्या द्रावात जेट भिजवतो, नायलॉनच्या ब्रशाचा एक केस त्यातून फिरवतो आणि हवा मारतो. फ्लोटची सुई नीट बसते की नाही, इंधनपंपाचा पातळ पडदा अजून लवचीक आहे की कडक झाला आहे, हे पाहतो. नळी नवी घालतो, टाकीतले जुने पेट्रोल ओतून देतो. दुपारच्या जेवणाआधी मोटार पिंपात चालू झालेली असते. "गेलेले मशीन" ते हेच.

इंधनाच्या वाटेची चौकशी तर पाना हाती न धरताही बरीच करता येते. टाकीपासून येणारा रबरी फुगा दाबून कडक होत नसेल तर कोठेतरी हवा शिरते आहे, बहुधा जोडाच्या रबरी कडीतून किंवा फुग्यातल्या झडपेतून; मोटार चालता चालता फुगा चपटा होत असेल तर टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद राहिला आहे; आणि हाताने फुगा दाबीत राहिले तरच मोटार चालत असेल, तर दोष पंपाच्या पडद्याचा. ठिणगीची परीक्षा इंधनाची सांडलवंड पुसून, सावलीत करावी: प्लग वायरीत अडकवून त्याचा आटा इंजिनाच्या अंगाला टेकवायचा आणि दोरी ओढायची, ठिणगी निळी व कडकडीत हवी. ती नसेल तर कॉइलच्या नावाने बोटे मोडण्यापूर्वी मोटार बंद करण्याच्या बटणाची वायर क्षणभर सुटी करून पाहावी, कारण खाऱ्या हवेत गंजून आतल्या आत जोडले गेलेले ते बटण कित्येक धडधाकट कॉइलांच्या बदलीला कारण झाले आहे. फार जुन्या मोटारींत चक्राखाली पॉइंट आणि कंडेन्सर असतात. तेथे पोहोचण्यासाठी चक्र ओढण्याचे हत्यार लागते, हातोडा नव्हे.

दाबाची गोष्ट जरा निराळी. दाब मोजण्याचे यंत्र फार महाग नाही, आणि एकदा घेतले की बंदराला पुरते. दोन सिलिंडरांच्या मोटारीत आकडा किती यापेक्षा दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आहेत का, हे महत्त्वाचे. दहा टक्क्यांहून अधिक फरक दिसला तर शंका घ्यावी. पण येथेही घाई नको. दाब घसरला म्हणजे रिंगा झिजल्याच असे नव्हे. पुष्कळदा त्या काजळीने खोबणीत चिकटलेल्या असतात, आणि काजळी सोडवणारा द्राव रात्रभर घालून ठेवल्यास मोकळ्या होतात. मोटार खऱ्या अर्थाने गेली असे म्हणण्याचा अधिकार ही परीक्षा झाल्यावरच येतो.

खारे पाणी हा दुसरा वैरी. मोटार स्वतःला थंड करण्यासाठी समुद्राचे पाणी ओढते, ते काम खालच्या भागातला रबरी इंपेलर करतो, आणि पाणी फिरते आहे याची ग्वाही मागे पडणारी बारीक धार देते. ती धार बंद दिसली की लोक घाबरून इंपेलर बदलतात. तो रेतीने झिजतो हे खरे, दोन महिने पडून राहिल्याने त्याच्या पाकळ्या एकाच दिशेला मुडपून बसतात हेही खरे, पण ऑगस्टात पहिल्याने धारेच्या भोकात बारीक तार घालून पाहावी. बंदीच्या दिवसांत कुंभारीण माशी तेथे मातीचे घर बांधून जाते, आणि तिच्या त्या दोन गुंजा मातीपायी अख्खा पंप उकलण्याचा खर्च होतो. समुद्रावरून आल्यावर मोटार गोड्या पाण्याच्या पिंपात दहा मिनिटे चालवावी, हा तर पहिला पाठ. मात्र तो सांगणाऱ्याने एप्रिल-मे महिन्यांत किनाऱ्यावरील गावांच्या विहिरींवर काय स्थिती असते हेही पाहिलेले असावे. जेथे बायकांना हंड्याहंड्यासाठी तिष्ठत राहावे लागते, तेथे मोटारीला पिंपभर गोडे पाणी रोज मागणे जड जाते. तेव्हा तेच पाणी चारदोन दिवस वापरावे. काहीच न करण्यापेक्षा ते शतपटीने बरे.

बाकीचे थोडक्यात. गिअरचे तेल दुधाळ निघाले तर सीलातून पाणी शिरले आहे, आणि बहुतेक वेळा पंख्याच्या मागे गुंडाळलेल्या तंगुसाने ते सील कापलेले असते. म्हणून पंखा काढून तेथे पाहण्याची सवय हवी. नवे तेल खालच्या भोकातून वर चढवावे, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. जस्ताच्या तुकड्यावर हौसेने रंग फासू नये. तो गंज स्वतःवर ओढवून घेण्यासाठीच बसवलेला असतो.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे, कारण ते वजनदार आहे. कार्बोरेटरचे टू-स्ट्रोक इंजिन आपल्या इंधनाचा चौथ्या हिश्श्यापर्यंतचा भाग न जाळताच पाण्यात आणि हवेत सोडते, हे मोजून सिद्ध झालेले आहे. अमेरिकेतील ताहो सरोवरावर अशा मोटारींना १९९९ पासून बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. तेव्हा ही यंत्रे अमर राहावीत असे मी म्हणत नाही. ज्याला परवडेल त्याने फोर-स्ट्रोक घ्यावी. ती पेट्रोलही कमी पिते. पण ताहोच्या काठावर सहलीसाठी येणारा माणूस आणि पहाटे खाडीच्या तोंडाशी कांडाळ टाकणारा माणूस यांना एकाच मापाने मोजता येत नाही. आणि जोवर जुनी मोटार पाण्यावर आहेच, तोवर ती बुजलेल्या जेटाने, दुप्पट तेलाने आणि एका मेलेल्या सिलिंडराने चालणे हे खाडीतल्या कालवांच्या दृष्टीनेही अधिक घातक. शिवाय नवी मोटार इथेनॉलपासून मुक्त असते असे थोडेच आहे? दोन महिने पेट्रोल भरून ठेवले तर तिचाही कार्बोरेटर तसाच बुजतो, फरक इतकाच की तो साफ करणारा मिस्त्री जवळपास मिळत नाही.

सरकारदरबारी याची दखल घेतली जावी अशी अपेक्षा करणे गैर नाही. पारंपरिक होड्यांना यंत्र बसवण्यासाठी अनुदान देण्याचे धोरण केंद्राने व राज्याने कित्येक वर्षे चालवले. त्या अनुदानात मोटार येते, तिचे आयुष्य येत नाही. राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याची प्रशिक्षण केंद्रे आहेत, पण त्यांच्या अभ्यासक्रमाचा भर सागरी डिझेल इंजिनावर. ट्रॉलरवाल्याला ते उपयोगी, लहान होडीवाल्याला नाही. इंधनावरील कराचा परतावा आहे, त्याचाही रोख डिझेलकडेच. तेव्हा मागणी मोठी नाही. बंदीच्या काळात, जेव्हा होड्या वर ओढलेल्या असतात आणि माणसे रिकामी असतात, त्या जुलै महिन्यात बंदराबंदरावर आठ दिवसांचा वर्ग भरवावा, आणि त्यात फळ्यावर आकृत्या काढण्याऐवजी खऱ्या जुन्या मोटारी उघडाव्यात. मच्छीमार सोसायटीच्या दुकानात जाळी आणि दोरखंडाच्या शेजारी पंपाचे पडदे, इंपेलर, सीले व प्लग यांची एक फळी ठेवावी. त्यासाठी मुंबईच्या खेपा करणे बंद व्हावे. आणि ज्या बंदरांवर सोसायट्यांचे पंप आहेतच, तेथे इथेनॉल न मिसळलेले पेट्रोल, मर्यादित मापात का होईना, मिळण्याची तजवीज व्हावी. ते होईपर्यंत ३१ मे रोजी नळी सोडून कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत मोटार पिंपात चालवणे, आणि उरलेले पेट्रोल टाकीत न ठेवता मोटारसायकलीत न ओतता (त्यात तेल आहे) दुसऱ्या कोणाच्या चालत्या टू-स्ट्रोक मोटारीला देऊन टाकणे, एवढे तरी प्रत्येकाच्या हातचे आहे.

आणखी एक सूचना, खात्याला एक पैचाही खर्च न पडणारी. नव्या मोटारीच्या अनुदानाच्या अर्जात, जिथे अर्जदाराचे नाव, होडीचा नोंदणी क्रमांक आणि बँकेचा तपशील विचारला जातो, तिथे एक रकाना वाढवावा: जुन्या मोटारीचा कार्बोरेटर उघडून पाहिला काय, दोन्ही सिलिंडरांचा दाब किती भरला, आणि हे कोणी तपासले. खाली मिस्त्रीची सही, आणि त्या सहीचे शंभर-दोनशे रुपये अनुदानाच्या रकमेतूनच त्याला मिळावेत.